खालून वर

सुवर्णाने ब्रश पाण्यात बुडवला, झटकला आणि दगडाच्या अगदी तळच्या चौकटीतून हलक्या हाताने फिरवला. हळद, तेल आणि धूळ यांचा वर्षानुवर्षांचा थर मऊ पडून खाली ओघळला. दगडाचा मूळचा काळा रंग दिसू लागला. आधी एक गुडघा दिसला, मग कंबर, मग आडव्या पडलेल्या देहाची सगळी रेघ.

"तोंडावरून हळू गं," मागून साळूबाई म्हणाली. "बाळंतीण हाय ती."

"हळूच करतेय, मावशी. लहान मुलांचा दात घासायचा ब्रश आहे हा."

"साबण नाय ना लावला?"

"नुसतं पाणी."

"मग कोमट तरी घ्यायचंस. थंडी काय पडलीय!"

सुवर्णाला हसू आलं, पण तिने हात थांबवला नाही. जानेवारीतलं ऊन अजून चौकात उतरलं नव्हतं. तिची बोटं गारठून लाल झाली होती. साळूबाई वॉर्डाच्या मागच्या पायरीवर बसून पदरातली झेंडूची फुलं निवडत होती. मखमलाबादेला तिच्या थोरल्या मुलाचा फुलांचा मळा होता. पहाटे फुलबाजारात माल उतरवून तोच तिला गाडीवरून दवाखान्यात सोडायचा. सुकलेली, दबलेली फुलं ती स्वतःसाठी ठेवायची आणि चांगली दगडासाठी.

दवाखाना जुना होता. पाटीवर त्याचं लांबलचक नाव असलं तरी गाव त्याला दगडी दवाखाना म्हणूनच ओळखायचं. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, मंगलोरी कौलं आणि उंच कमानी. शंभर वर्षांपूर्वी पाया खणताना कुठल्याशा जुन्या देवळाचे दगड निघाले, तेव्हा बांधणाऱ्यांनी काटकसर करून तेही वापरून टाकले. ओपीडीच्या पायरीत अर्धं कमळ होतं. त्याच्यावर पेशंट चपला काढून ठेवत. धोबीखान्याच्या भिंतीत एक हत्ती होता, तोही सोंडेपासून कानापर्यंतच. उरलेला हत्ती भिंतीच्या आत असावा. बाळंतपणाच्या वॉर्डामागच्या चौकात प्राजक्ताखाली मात्र एक खांद्याइतका उंच दगड आपला आपण उभा होता. त्याच्यावर खालपासून वरपर्यंत एकावर एक चार चौकटी कोरलेल्या होत्या. सुवर्णा सकाळपासून घासत होती तो हाच.

खरं तर हे लॅबच्या बाईचं काम नव्हे. पण यंदा सिंहस्थ. शहरभर रस्ते रुंद होत होते, भिंती मागे सरकत होत्या. ट्रस्टने मात्र दवाखान्याच्या जुन्या इमारती आणि दगड आहेत तसे राखायचे ठरवले. रविवारी शताब्दीचा समारंभ होता आणि त्याआधी प्रत्येक जुन्या वस्तूशेजारी माहितीचा एक बोर्ड लागायचा होता. दगड तपासायला पुण्याहून कुणी संशोधक मुलगी येणार होती. तिने कळवलं होतं, दगड स्वच्छ करून ठेवा, पण तार, घासणी, ॲसिड काही लावू नका. तेव्हा दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर ओहोळ मॅडमनी ते काम सुवर्णावर टाकलं होतं.

"पगारेबाई, अख्ख्या दवाखान्यात तुमच्याइतका हलका हात कुणाचाच नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आणि बोर्डांचा मजकूरही तुम्हीच लिहा. तुम्ही एक शब्द जास्त लिहीत नाही."

हे खरं होतं. चोवीस वर्षं लॅबमध्ये काढल्यावर सुवर्णाला जास्तीचा शब्द खुपायचा. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं. दिसलं नाही तर 'दिसले नाही' असं लिहायचं.

साळूबाईचं नेमकं उलट. तिला दिसलेलं सांगायचं असेल, तर ते गोष्ट होऊनच बाहेर पडायचं. बाळंतपणाच्या वॉर्डात ती आया म्हणून लागली, तेव्हा तिच्या स्वतःच्या अंगावर थोरला पीत होता. निवृत्तीचं वय उलटून गेलं, तरी मॅडमनी तिला ठेवून घेतलं होतं. कळा सुरू झालेली पोरगी घाबरली की साळूबाई तिला हाताला धरून चौकात फिरवायची आणि फिरवता फिरवता या दगडापाशी आणायची.

"ही बघ," ती सांगायची, "खाली निजलीय ती बाळंतीण. तिच्याही पोटात असंच दुखलं. ह्या उशाशी गाई, दूध कमी पडायला नको म्हणून. त्याच्यावर बघ, ही बाप्यांची गर्दी. काठ्या-तलवारी घेऊन नुसती पळापळ. बाहेर तुझ्या नवऱ्याची चाललीय ना, तशीच. करायचं काय नाय, पण आवाज केवढा! त्याच्यावर ह्या दोन बाया. आता तिला दोन्हीकडून धरून उठवतायत. आणि सगळ्यात वर बघ. सव्वा महिना झाला, न्हाली-धुतली, महादेवाच्या पुढं जाऊन बसली. झालं का नाय सगळं सुखरूप? मग तुझंही होणार. चल, अजून एक फेरी मार."

आणि झालं की पाचव्या दिवशी, घरी जाण्याआधी, तीच पोरगी बाळ घेऊन दगडासमोर यायची. साळूबाई एक फूल ठेवायची आणि म्हणायची, "बाई, तुझं झालं तसं हिचंही झालं. घे, बघ लेकरू." एवढाच विधी. नारळ नाही, उदबत्ती नाही. पण विंचूर-निफाडपासून पेठपर्यंतच्या बायकांना तो ठाऊक होता. सिझेरियन होऊन टाके ओढत असले तरी बायका हट्टाने चौकात यायच्या.

सुवर्णाही आली होती, एक्याऐंशी साली, तेजलच्या वेळी. कळा येत होत्या आणि मध्येच थांबत होत्या. नवरा ओझरच्या कारखान्यातून अजून सुटला नव्हता आणि पुस्तकात वाचलेलं ज्ञान काहीच उपयोगाला येत नव्हतं. साळूबाईने तिला दगडापाशी आणलं, तेव्हा तिने तेवढ्यातही मान फिरवली. तिच्या घरात दगडाला हात जोडण्याची रीत वडिलांनी कधीच मोडून काढली होती.

"हात नको जोडू," साळूबाई म्हणाली होती. "तुमच्यात नाय जोडत, माहीत हाय मला. नुसतं बघ."

तिने नुसतं बघितलं होतं. खाली निजलेली कुणीतरी वर जाऊन बसली होती, एवढंच तिला दिसलं. त्या रात्री तेवढं पुरलं. पुढे रोज लॅबमध्ये जाताना ती चौकातून जायची आणि जाता जाता एकदा तिकडे बघायची. हात अर्थात जोडले नाहीत कधी.

*

पुण्याची मुलगी दुपारी आली. शुभांगी तिचं नाव. पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला कॅमेरा. तिने आधी अर्ध्या कमळाचे फोटो घेतले, हत्तीच्या कानाची लांबी मोजली आणि मग चौकात येऊन दगडासमोर उकिडवी बसली.

"मॅडम, किती सुंदर साफ केलाय तुम्ही! इथे सावली आहे ना, बरं झालं." तिने टॉर्च काढला आणि दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. प्रकाश तिरका पडताच कोरीव काम उठून आलं. "तुम्ही इथून बघा. वीरगळ आहे हा. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा करतात. हा नेहमी खालून वर वाचायचा. खाली वीर मरून पडलाय. या गाई, म्हणजे गावाची जनावरं लुटून नेत होते, ती सोडवायला गेला. त्याच्यावर ती लढाई. त्याच्यावर या दोन अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात. आणि वरती तो शिवलिंगासमोर बसलाय. मोक्ष."

सुवर्णा खाली वाकली. "ही बाई नाही?"

"कोण? हा?" शुभांगीने टॉर्च थोडा फिरवला. "कमरेला बघा ना. कट्यार आहे. थरामुळे दिसत नसेल आधी."

कट्यार होती. सकाळी सुवर्णाच्याच ब्रशखालून ती निघाली होती आणि कमरेच्या वस्त्राची गाठ समजून ती पुढे सरकली होती. शुभांगीने तिला बॅगेतले फोटो दाखवले. दुसऱ्या गावचे, दुसऱ्या देवळांबाहेरचे दगड. त्यांच्यातही तीच ठेवण, त्याच चौकटी. तळाशी तसाच आडवा पडलेला माणूस, काही ठिकाणी मिशांसकट.

"किती जुना असेल?"

"सात-आठशे वर्षं तरी. लेख नाहीये, त्यामुळे नाव नाही सांगता येणार." शुभांगीचं लक्ष पायाशी ठेवलेल्या झेंडूकडे गेलं. "लोक पूजा करतात का? खूप ठिकाणी असतं असं. बोर्ड लागला की गैरसमज जातील."

सुवर्णाने ब्रश पाण्यात धुतला, नीट झटकला आणि रुमालात गुंडाळला. शंका घ्यायला जागा नव्हती. तिला वाईट वाटलं ते याचंच.

संध्याकाळी ती ओहोळ मॅडमच्या खोलीत गेली. बाकीच्या बोर्डांचे मजकूर तिने टेबलावर ठेवले.

"चौकातल्या दगडाचा नाहीये यात," मॅडम चाळून म्हणाल्या.

"तो एक वगळला तर चालेल का, मॅडम?"

"का?"

सुवर्णाने सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही याच वॉर्डात शिकल्या होत्या, साळूबाईच्या गोष्टीला त्यांनीही मान डोलावली होती.

"मेलेला आहे, असं लिहिलं तर उद्यापासून एक बाई फिरकणार नाही तिकडे," सुवर्णा म्हणाली. "आणि जाऊन आल्यात त्या घाबरतील. मावशींचं तर..."

"आणि नाही लिहिलं, तर पाहुणे विचारणार की बाकी सगळ्यांना बोर्ड आहेत, यालाच का नाही. ती पुण्याची मुलगी रिपोर्टमध्ये लिहिणारच." मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "पगारेबाई, तुम्ही मला रिपोर्ट दाबायला सांगताय?"

"नाही."

"मग साळूबाईला बोर्डावरून कळायला नको. कुणीतरी आधी सांगा तिला."

कुणीतरी म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळभर सुवर्णा मायक्रोस्कोपवर बसून होती. नवीन मुलींना ती पहिल्या दिवशी सांगायची, यात सगळं उलटं दिसतं, स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं, वर ढकलली की खाली येतं. आठवडाभर गोंधळ होतो, मग हाताला सवय होते आणि उलटं दिसतंय हेच विसरायला होतं. तिने स्लाइड सरकवली. रक्तपेशी उलट्या दिशेने वाहत गेल्या. तिने दिवा बंद केला आणि चौकात आली.

साळूबाई पायरीवर बसून डबा खात होती. "ये. मेथीची भाजी हाय. भाकरी थंड झालीय, पण खा."

सुवर्णा शेजारी बसली. भाकरीचा तुकडा हातात घेऊनच तिने सांगितलं. सरळ, एकामागून एक, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगायचं ते तिला येत नव्हतं.

साळूबाईचा घास तोंडातच राहिला.

"बाप्या हाय?"

"हो."

"मेलेला?"

"हो, मावशी."

"त्या पोरीला कसं कळलं?"

"कमरेला कट्यार आहे. मीही पाहिली. आणि असे दुसरे दगड आहेत, त्यांच्यातही असंच आहे."

साळूबाईने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून दोनदा दाबलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ओल्या बाळंतिणी नेल्या गं मी त्याच्यापुढं. पाच दिवसांची लेकरं दाखवली. मेलेल्या माणसाला."

"कुणाला काही झालं नाही, मावशी."

"झालं नाय म्हणून काय झालं!"

ती उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि वॉर्डात निघून गेली. सुवर्णाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. समोर दगडाच्या पायाशी सकाळचं फूल होतं. तेही उन्हात जरा मान टाकून पडलं होतं.

शुक्रवारी एका बाईचा पाचवा दिवस होता. साळूबाईने तिला चौकात नेलं नाही. तिच्या सासूने विचारलं, तेव्हा "वारं लय हाय बाहेर, लेकराला बाधंल" म्हणून सांगितलं. रिक्षा फाटकातून बाहेर पडेपर्यंत सासू मागे वळून चौकाकडे बघत राहिली. लॅबच्या खिडकीतून सुवर्णाने ते पाहिलं. दगडासमोर त्या दिवशी फूल नव्हतं. स्वच्छ, धुतलेला, काळा दगड सकाळच्या उन्हात उभा होता आणि पहिल्यांदाच नुसता दगड दिसत होता.

बोर्डाचा कागद तिच्या खणात कोराच होता. पेंटर समाधान दोनदा येऊन विचारून गेला.

"मॅडम, बाकीचे झाले. हत्तीचा झाला, विहिरीचा झाला. एवढा एक द्या की. रंग वाळायला रात्र लागते."

"उद्या सकाळी देते."

"उद्या शनिवार. परवा पाहुणे!"

"उद्या सकाळी म्हटलं ना, समाधान."

*

शनिवारी सुवर्णा लवकर आली. नवऱ्याची कारखान्याची बस गेली, तशी तीही इंदिरानगरहून पहिल्या शहर बसने निघाली. चौकात धुकं होतं आणि त्या धुक्यात साळूबाई दगडासमोर बसलेली होती. तिच्यापुढे ओंजळभर नव्हे, टोपलीभर फुलं होती. झेंडू, शेवंती, दोन-चार गुलाबही.

"एवढी?" सुवर्णा म्हणाली.

"पोरगं ओरडलं माझ्यावर. म्हणलं, ओरड. मागची बाकी हाय." साळूबाईने दगडाकडे हनुवटीने खूण केली. "इतकी वर्षं त्याला मी बाई म्हणत आले गं. बाळंतीण म्हणलं, लुगड्याचा पदर नीट कर म्हणलं. एकदा तर, तुला सांगते, काजळ लावलं होतं. गाई सोडवायला गेलेला गडी तो! बोलला का एका शब्दानं?"

सुवर्णाला हसू दाबता येईना. साळूबाईने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग तिलाही आवरेना. दोघी तोंडावर पदर धरून, वॉर्ड जागा होऊ नये म्हणून आवाज न करता हसल्या. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती म्हणालीस? सातशे वर्षं?"

"सात-आठशे."

"मग सुतक तरी फिटलं असंल आता."

"फिटलं असेल."

साळूबाई थोडा वेळ फुलं मांडत राहिली. गाईंच्या शिंगांवर एकेक पाकळी ठेवली. मग न वळताच म्हणाली, "दोन रात्री झोप नाय मला. सारखं तेच. मी पोरींना खोटं सांगितलं. काल रात्री पाळी नव्हती, पण आले. ती विंचूरची बाळंतीण हाय ना, बुधवारी झालेली? तिच्या शेजारच्या खाटेवरची पोरगी. कळा देत होती. पहिलटकरीण. माझा हात सोडंना. म्हणाली, मावशी, त्या दगडाची गोष्ट सांगा, माझ्या नणंदेला सांगितलेली."

"मग?"

"मग काय! नाय म्हणू का तिला तसल्या वेळी? सांगितली." तिने मान वर केली. "पण खरी सांगितली. म्हणलं, खाली एकजण पडलंय. लय लागलंय त्याला. आणि ह्या दोघी बघ, त्याला उचलायला आल्यात. ठेवणार नाय त्या पडलेलं. वर नेऊन बसवतात. एवढं तर खरं हाय ना? तुझ्या त्या पोरीनं पण असंच सांगितलं ना?"

"एवढं खरं आहे."

"बाई का बाप्या, ते तिनं विचारलं नाय. मीही सांगितलं नाय. दुखतंय ते दुखतंय." साळूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मुलगा झाला पहाटे. तुझ्याकडं रक्त यायचंय त्याचं, बघ. जरा सुस्त वाटतोय मला."

सुवर्णा लॅबमध्ये गेली. आधी तिने बाळाचं रक्त तपासलं. साखर किंचित कमी होती, अंगावर पाजलं की वाढेल इतकीच. मग खणातून कोरा कागद काढला आणि वेळ न लावता लिहिलं. जेवढं दिसलं होतं तेवढंच. 'वीरगळ' हा मथळा, चार चौकटींच्या चार ओळी आणि शेवटी आणखी एक. तीही तिने पाहिलेलीच गोष्ट होती, चोवीस वर्षं, खिडकीतून आणि एकदा खिडकीबाहेरून. कागदाच्या माथ्यावर तिने लिहिलं, 'खालून वर वाचावे', आणि कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"मावशी," कागद समाधानकडे देऊन ती वॉर्डाच्या दारात आली, "बोर्डावर तुमचंही लिहिलंय."

"माझं नाव नको हं!"

"नाव नाही. बाळ दाखवायची रीत."

"ते चालंल," साळूबाई म्हणाली, "पण शेवटी. बारीक अक्षरात."

"शेवटीच आहे."

*

रविवारी सकाळी दवाखाना ओळखू येत नव्हता. कमानींना झेंडूच्या माळा, फाटकात रांगोळी. ओपीडीच्या पायरीवर पहिल्यांदाच एकही चप्पल नव्हती, अर्धं कमळ धुऊन लख्ख. सुवर्णा ठेवणीतली साडी नेसून आली आणि सवयीने चौकातून निघाली. प्राजक्तापाशी ती थांबली.

दगडाशेजारी, दगडाइतक्याच उंचीचा पिवळा बोर्ड उभा होता. काळी, टपोरी, देखणी अक्षरं. वरून खाली लिहिलं होतं:

या दवाखान्यातल्या बाळंतिणी पाचव्या दिवशी आपले बाळ येथे दाखवायला आणतात.
शिवलिंगासमोर बसलेला वीर.
त्याला उचलून वर नेणाऱ्या दोन स्त्रिया.
लढाई.
गाई सोडवताना पडलेला वीर.
वीरगळ.

सगळ्या ओळी होत्या, एकही शब्द चुकला नव्हता, फक्त 'खालून वर वाचावे' हे गाळलेलं होतं आणि क्रम उलटा होता. मथळा तळाशी गेला होता आणि शेवटची ओळ माथ्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षरात.

"समाधान!"

माळा बांधणारा समाधान शिडीवरून उतरून आला. "कसा झालाय, मॅडम?"

"हे उलटं का लिहिलंस?"

"उलटं? तुम्हीच तर लिहिलं होतं, खालून वर. दोन रेघा मारून." त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, दगडाशेजारी लावायचाय, दगडाच्या हिशोबाने पाहिजे असेल. किती त्रास झाला माहितीये का? बोर्ड कुणी खालून रंगवतो का? वरची ओळ लिहायला घेतली की हात खालच्या ओल्या अक्षरांवर. शेवटी काठी आडवी धरून तिच्यावर मनगट टेकवलं. एक अक्षर फिसकटलं नाही, बघा."

'वाचावे' हा शब्द सुवर्णाने एकटीनेच वाचला होता बहुतेक.

तेवढ्यात ओहोळ मॅडम दोन-तीन पाहुण्यांना घेऊन चौकात आल्या. त्यांच्यातल्या कोटवाल्या गृहस्थांनी बोर्ड लक्षपूर्वक पाहिला, मान डोलावली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे वीरगळ म्हणजे देणगीदार का? आलेत का ते आज?"

मॅडमनी सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने प्राजक्ताकडे पाहिलं.

"ते इथेच असतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि पाहुण्यांना विहिरीकडे घेऊन गेल्या. मग एकट्याच परत येऊन हळूच म्हणाल्या, "बदलून घ्यायचा का? दुपारपर्यंत झाकून ठेवू. उद्या समाधान नीट करून देईल."

चुकीचा रिपोर्ट हातातून गेलेला सुवर्णाला आठवत नव्हता. ती दोन पावलं मागे सरकली आणि चष्मा सारखा केला. बोर्ड दगडाइतकाच उंच होता. त्याची तळच्या मथळ्यावरची ओळ पडलेल्या वीराच्या बरोबरीला आली होती, लढाई लढाईच्या आणि दोन स्त्रिया दोन स्त्रियांच्या. महादेवासमोर बसलेला वीर त्याच्या ओळीच्या समोर बसला होता. आणि सगळ्यात वरची ओळ जिथे होती, तिथे दगड संपून प्राजक्ताची फांदी सुरू होत होती.

वॉर्डाच्या दारातून विंचूरची पोरगी येताना दिसली. काल पहाटे मुलगा झाला ती नव्हे, तिच्या शेजारच्या खाटेवरची, बुधवारी बाळंत झालेली. आज तिचा पाचवा दिवस होता. डोक्याला स्कार्फ, अंगावर स्वेटर, बाळ दुपट्यात पार गुंडाळलेलं. शेजारी नवरा पिशव्या सावरत होता आणि मागून साळूबाई.

"थांब, काय लिहिलंय ते बघू," नवरा म्हणाला आणि त्याने माथ्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "या दवाखान्यातल्या बाळंतिणी पाचव्या दिवशी आपले बाळ येथे दाखवायला आणतात."

"बघा," त्याची बायको म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं का? सरकारी आहे ते."

तो पुढची ओळ वाचणार, तेवढ्यात दुपट्यातून रडणं सुरू झालं आणि त्याचं वाचन तिथेच संपलं. साळूबाईने एक शेवंती पोरीच्या हातात दिली. पोरीने ती वाकता येईल तेवढं वाकून ठेवली. साळूबाईने दुपट्याचं टोक बाजूला केलं.

"दादा," ती दगडाला म्हणाली, "घे, बघ लेकरू."

रडणं थांबलं नाही, पण सगळे हसले. नवऱ्याने पिशव्या उचलल्या आणि तिघं फाटकाकडे निघाली.

"मग, पगारेबाई?" ओहोळ मॅडम म्हणाल्या. "बदलायचा?"

"राहू द्या," सुवर्णा म्हणाली. "बरोबर आहे."

मॅडम गेल्या. साळूबाई बोर्डासमोर येऊन उभी राहिली. तिला अक्षरओळख नव्हती, पण काळ्या टपोऱ्या ओळींवरून तिने एकदा खालून वर नजर फिरवली.

"माझी ओळ कुठली गं?"

सुवर्णाने बोट दाखवलं.

"ती? सगळ्यात वरची?" साळूबाईने दगडाकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग पुन्हा दगडाच्या वरच्या चौकटीकडे. "महादेवाच्या पण वर? अगं, शेवटी म्हणालीस ना? उतरव ती खाली. बरं दिसतं का ते?"

सुवर्णाने बोटाचं टोक त्या ओळीवर हलकेच टेकवलं आणि उलटं करून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

"रंग वाळलाय, मावशी," ती म्हणाली.